कृत्रिम हिरा खोटा नव्हे

महोदय,

कारखान्यात घडलेल्या हिऱ्याला सर्रास ‘खोटा हिरा’ म्हटले जाते, याचे मनापासून वाईट वाटते. सराफाकडे मिळणारा ‘अमेरिकन डायमंड’ हा झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा. त्यात कार्बन नसतोच. कृत्रिम हिरा मात्र खाणीतल्या हिऱ्यासारखाच कार्बनचा स्फटिक असतो आणि तितकाच कठीण.

तो घडतो कसा? लहानशा कुपीत वर ग्रॅफाइट (पेन्सिलीच्या शिशात असते तेच), मध्ये लोह, निकेल, कोबाल्टसारखा धातू आणि तळाशी हिऱ्याचा बारीक कण. त्यावर वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमान. धातू वितळतो, ग्रॅफाइट त्यात विरघळते आणि कार्बनचे अणू किंचित कमी तापलेल्या तळाकडे सरकून त्या कणावर थरावर थर चढवतात. नायट्रोजन शिरला की हिरा पिवळा होतो.

१६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी स्वतः रचलेल्या दाबयंत्रातून असे हिरे मिळवले. स्वीडनमध्ये १९५३ मध्येच हे साधले होते, पण ते जाहीर न केल्याने श्रेय हुकले. हॉल यांना मिळालेले बक्षीस किती, तर दहा डॉलरचा बचत रोखा! ही गोष्ट वाचून आजही चुटपुट लागते.

सराफांनी पावतीवर ‘प्रयोगशाळेत घडवलेला हिरा’ असे स्वच्छ मराठीत लिहावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे