मखर वर, सायकल खाली

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सोसायटी, कोथरूड, पुणे

विषय : व्यायामशाळेतील प्रवेशबंदी, आणि टेकून बसायच्या सायकलला तळमजल्यावर जागा

महोदय,
स. न. वि. वि.

१ तारखेपासून लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली आहे : ‘साठ वर्षांवरील सभासदांनी व्यायामशाळेचा वापर स्वतःच्या जबाबदारीवरही करू नये.’ हा ‘ही’ कोणाला सुचला ठाऊक नाही, पण त्याला दाद द्यायला हवी. पळवाट शिल्लक ठेवलेली नाही. फक्त एक झालं : गेल्या मार्गशीर्षात आपली षष्ट्यब्दी शांत झाली, मी स्वतः मसालेभात दोनदा घेतला, तेव्हा ही बंदी आपल्यालाही लागू आहे.

बंदी माझ्यामुळे आली हे मला कळतं. म्हणून त्या दिवशी काय झालं ते माझ्याकडूनच ऐका, कारण सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी ‘काकूंना चक्कर’ होतं ते दुपारी ‘काकू पडल्या’ झालं आणि संध्याकाळी नाशिकहून बहिणीचा फोन आला की अ‍ॅटॅक कितपत मोठा होता.

मला ना अ‍ॅटॅक आला, ना मी पडले. व्यायामशाळेतल्या जड चाकाच्या स्पिन बाईकवर मी वीस मिनिटं पाय मारले आणि दमले म्हणून एकदम थांबवले. रस्त्यावरच्या सायकलवर पाय थांबवले तर ती आपली पुढे जात राहते, पाय निवांत. या सायकलचं पेडल चाकाला जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पाय मध्ये आला तर नडगीवर बसणार. तसं ते बसलं. थांबवायचं तर पुढचा नॉब दाबून ब्रेक लावायचा असतो, हे सांगणारी चिठ्ठी तिथे नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. १९७० साली पेठेतून कॉलेजला लेडीज सायकलवर, मागे मैत्रिणीला बसवून जाणारी बाई मी. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची. मला कोण सायकल शिकवणार, ही घमेंड होतीच.

नडगी चोळत तडक सायकलवरून उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. याचं कारण माझ्या फिजिओथेरपिस्टनं नंतर समजावलं. पाय चालू असतात तोवर पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायातच रेंगाळतं, डोक्याकडे क्षणभर कमी पोचतं. त्यातून मी रक्तदाबाची गोळी घेते. शेवटची पाच मिनिटं अगदी हलक्या पायांनी फिरवली असती तर हे झालं नसतं. वॉचमननं खुर्ची आणि पाणी दिलं, दहा मिनिटांत मी ठीक होते. ओढणी पेडलमध्ये अडकली नाही हे माझं नशीब. तेव्हापासून ती घरीच ठेवते.

म्हणजे चूक निम्मी माझी. उरलेली निम्मी त्या यंत्राची, आणि ते यंत्र ज्या जागी आहे त्या जागेची. माझ्या वयाची त्यात नाही.

सायकलवर मी का बसते तेही सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत मी रोज वेताळ टेकडी चढत होते. मग दोन्ही गुडघ्यांची झीज निघाली. उतार सुटला, पाठोपाठ चढही. पावसाळ्यात पौड रस्त्याच्या फुटपाथवर चालायचं म्हणजे हलणारे पेव्हर ब्लॉक आणि त्यांच्याखालून उडणारं पाणी. सायकलवर शरीराचा भार सीट घेते, गुडघा नुसता फिरतो. महिनाभरात मला खुर्चीतून उठताना हँडलला धरावं लागेनासं झालं. माझ्या दृष्टीनं हीच मोजणी.

अर्थात सीट नीट हवी. पेडल तळाला गेलं की गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघा फार वाकतो आणि वाटीवर ताण येतो. बरं व्हायला बसलेला माणूस लंगडत उठतो. वरच्या सायकलच्या सीटची खिट्टी गंजून एका जागी धरली आहे. ती ज्या उंचीला अडकली आहे ती सी विंगमधल्या बारावीतल्या मुलालाही कमी पडते.

भिंतीवर आपण तक्ता लावला आहे : २२० वजा वय, आणि त्यावरून नाडी किती चालली पाहिजे. माझं वय ७२, म्हणजे जास्तीत जास्त १४८. तक्ता छान आहे, पण रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्या नाडीला वर चढूच देत नाहीत. त्या घेणाऱ्यानं तक्ता बघून जोर लावला तर नाडी जागेवर आणि माणूस बेजार. मी सायकल मारताना पाढे म्हणते. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, असा तो हिशेब. एकोणतीसचा पाढा धाप न लागता संपला तर थोडा जोर वाढवायचा; एकोणतीस सक्काशी अडखळले तर कमी करायचा. (पाठ असूनही अडखळते तेव्हा, हे गृहीत धरा.)

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो तुकड्यातुकड्यानं केला तरी चालतो. मी सकाळी दहा, संध्याकाळी दहा अशी सुरुवात केली होती. सायकलनं सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यानं तोल सुधारत नाही, आणि भार पडत नसल्यामुळे हाडांनाही फारसा उपयोग नाही. त्यासाठी मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून एका पायावर उभी राहते, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये.

आता मुद्द्यावर येते. आपली व्यायामशाळा पार्किंगवरच्या मेझनीनवर, म्हणजे मधल्या अर्ध्या मजल्यावर आहे. लिफ्ट तिथे थांबत नाही. वर जायला बावीस पायऱ्या आहेत, शेवटच्या सहांना कठडा नाही. ज्यांना गुडघ्यांपायी सायकल हवी, त्यांनी ती गाठण्यासाठी आधी बावीस पायऱ्या चढायच्या, आणि पाय थरथरत असताना त्याच उतरायच्या. फलकावर सूचना लावायचीच तर ती या पायऱ्यांविषयी लावायला हवी होती.

दुसरीकडे, डी विंगखाली निळ्या ताडपत्रीत एक सायकल दोन वर्षं पडून आहे. मुलाकडे कायमचं राहायला गेलेल्या कुटुंबानं ती सोसायटीला दिली होती. मागच्या सभेच्या इतिवृत्तात तिची नोंद ‘भंगार’ अशी आहे. मी ताडपत्री उचलून पाहिली. ती पाठीला टेका असलेली, बुटकी सायकल आहे. पाय उचलून पलीकडे टाकावा लागत नाही. खुर्चीत बसावं तसं बसायचं, पेडल समोर. कंबरदुखीवाल्यांना आणि तोल सांभाळून चालणाऱ्यांना तीच सोयीची. पाय थांबवले की तिचं पेडलही थांबतं. जोर चुंबकानं कमी-जास्त होतो, त्यामुळे घासून झिजणारी पट्टी नाही आणि आवाजही नाही. कोषाध्यक्षांच्या माहितीसाठी : तिला विजेची जोडणी लागत नाही. पडद्यापुरते दोन पेन्सिल सेल, ते मी देईन.

जागा? तळमजल्यावर, ऑफिसला लागून मखराची खोली आहे. पंखा आहे, ट्यूब आहे, खिडकी आहे. तिथे गणपतीचं मखर, झालरी आणि सहा मोडक्या खुर्च्या वर्षातले साडेअकरा महिने राहतात. २७ ऑगस्टला गणपती आहेत, मखर बाहेर निघणारच. विसर्जनानंतर पोरांनी ते परत आणून ठेवण्याऐवजी बावीस पायऱ्या चढवून मेझनीनवर न्यावं. त्याचे गुडघे दुखत नाहीत. खोली रिकामी झाली की सायकल आत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते; कोणाला हरकत असेल तर तिथे बोलू, पण तोवर भंगारवाल्याला बोलावू नये.

किल्ली वॉचमनकडे राहावी, वहीत सही करून घ्यावी. एकट्यानं बसायचं नाही, दुसरं कोणी तरी खोलीत हवं. हा नियम मी स्वतःवर आधीच लावून घेतला आहे. ज्यांना छातीचा त्रास आहे किंवा नुकतं ऑपरेशन झालं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं. मधुमेहवाल्यांनी खिशात साखर ठेवावी. लहान मुलं आत नकोत, फिरत्या पेडलमध्ये बोट जातं. बाकी एवढ्यावर नियमांची वही भरवू नये.

गेल्या समिती बैठकीत एका सदस्यांनी ‘आपल्या काळी कुठे होती ही फॅडं?’ असं विचारल्याचं कानावर आलं. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, त्यावरच्या व्यायामशाळेत अशा जागेवर फिरवायच्या सायकली होत्या. सदस्यांचा काळ त्याच्याही आधीचा असेल तर मी माघार घेते.

आपल्या मातोश्री काल बाकावर भेटल्या. वर किती पायऱ्या आहेत गं, असं विचारत होत्या. मी बावीस म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला. खोली रिकामी झाली तर साडेचार ते पाच ही वेळ मी त्यांच्यासाठी सोडेन, आणि सोबतही बसेन.

कळावे,
आपली,
एक सभासद (आणि ती चक्कर आलेली), ब-२०३

ता. क. : फलकावर सूचनेच्या मथळ्यात ‘जेष्ठ’ लिहिलं आहे. ते ‘ज्येष्ठ’ हवं. बंदी राहिली तरी एवढी दुरुस्ती व्हावी.