पैसे कटले, माल निघाला नाही आणि तिघांकडेही ‘सक्सेस’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सध्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षा सुरू आहेत. मी संगणकशास्त्र शिकवते, त्यामुळे दरवर्षी या दिवसांत दोन-तीन ठिकाणी परीक्षक म्हणून जाणं होतं. यंदाही ऑनलाइन विक्रीचे प्रोजेक्ट ढिगाने आले. कोणी संत्री विकतं, कोणी साड्या, कोणी घरगुती मसाले. मुलांनी रात्री जागून कामं केलेली असतात आणि ते दिसतं. मी प्रत्येक गटाला एक प्रश्न हमखास विचारते : गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि नेमका त्याच क्षणी तुमच्या दुकानाचा सर्व्हर बंद पडला, तर पुढे काय? बहुतेक गट एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एका मुलीने सरळ सांगितलं, “मॅडम, तसं होईल हे आम्ही धरलंच नाही.” दोष तिचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनीही ते धरलेलं नसतं. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या दिरांचं इतवारीत किराणा आणि मसाल्यांचं जुनं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऑनलाइन विक्री सुरू केली. वेबसाइट एका कंपनीची, पैसे घेण्याची व्यवस्था दुसऱ्या कंपनीची, कुरिअर तिसऱ्याचं. मागच्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी त्यांचा फोन आला, “वहिनी, गिऱ्हाईक म्हणून राहिले पैसे कटले, अन् इथं तर ऑर्डरच दिसत नाही.” मी दुकानावर गेले. दोन प्रकारचे घोटाळे एकाच वेळी झाले होते. काही गिऱ्हाइकांचे पैसे कापले गेले होते, पण ‘पैसे मिळाले’ हा निरोप दुकानाच्या साइटपर्यंत पोचलाच नव्हता. त्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढलेला माल साइटच्या हिशेबात तसाच अडकून पडला. मागे गोडाऊनमध्ये डब्यांची थप्पी लागलेली आणि साइटवर मात्र ‘माल संपला’! वर्षातले सगळ्यात विक्रीचे चार दिवस असे गेले. दुसऱ्या घोटाळ्यात तोच निरोप दोनदा आला होता, साइटने त्याच्या दोन ऑर्डरी धरल्या आणि पुण्याच्या एका बाईंकडे एकाच मसाल्याची दोन पार्सलं गेली.

दिरांनी तिन्ही कंपन्यांना फोन लावले. तिन्हीकडून एकच उत्तर आलं : “आमच्याकडून सक्सेस दाखवतंय सर.” आणि संपादक महोदय, तिघेही खरं बोलत होते. पैसे घेणाऱ्यांनी पैसे घेतले होते. पोच आली नाही म्हणून त्यांच्या यंत्रणेने निरोप पुन्हा पाठवला, हेही नियमाला धरूनच होतं. साइटने आलेल्या प्रत्येक निरोपाची ऑर्डर केली. कुरिअरने सांगितलेली पार्सलं उचलली. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर होता आणि व्यवहार चुकला होता. नुकसान भरलं दुकानाने.

व्यवहाराचे हे तुकडे एकमेकांशी बोलतात कसे, त्यांच्यातला करार कसा लिहावा, मधला एक दुवा तुटला तर बाकीच्यांनी काय करावं, याचा अभ्यास करणारी संगणकशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे. तिला ‘सर्व्हिस-ओरिएंटेड कम्प्युटिंग’ म्हणतात. एखादं काम, मग ते पैसे घेणं असो, साठा तपासणं असो की पार्सल बुक करणं, एक ‘सेवा’ म्हणून उघडं करायचं. त्या सेवेला काय द्यायचं आणि तिच्याकडून काय मिळेल, हे यंत्राला वाचता येईल अशा करारात लिहायचं. मग कोणीही त्या सेवा जोडून आपला धंदा उभा करावा. असे करार लिहायची ‘डब्ल्यूएसडीएल’ ही पद्धत २०००-०१ च्या सुमारास पुढे आली. या विषयाची ‘आयसीएसओसी’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २००३ पासून भरते. पहिली इटलीत त्रेंतोला झाली आणि २०१५ ची आपल्या शेजारी गोव्यात. इटलीच्या मानाने नागपूरहून गोवा काही लांब नाही. पण इथल्या वर्गांत या अभ्यासातलं जे पोचलं, ते फक्त जोडणीचं तंत्र. जोडणी तुटल्यावर काय करायचं, हा अर्धा भाग वाटेतच राहिला.

त्या अर्ध्या भागातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. एकाच बँकेच्या एकाच डेटाबेसमध्ये ‘सगळं होईल, नाहीतर काहीच होणार नाही’ अशी हमी देता येते. तीन कंपन्यांच्या तीन यंत्रणांना असं एका दावणीला बांधता येत नाही, कारण एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याने आपला साठा कुलूप लावून थांबायचं म्हटलं, तर बाजारच थांबेल. लांबत जाणाऱ्या व्यवहारांसाठी १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ नावाची रीत मांडली. मोठा व्यवहार लहान पायऱ्यांत तोडायचा आणि प्रत्येक पायरीसोबत तिची भरपाई करणारी उलट पायरी आधीच ठरवून ठेवायची. पैसे घेतले असतील तर परत करा, माल राखून ठेवला असेल तर मोकळा करा. ही कल्पना मुळात डेटाबेसवाल्यांची होती. पुढे सेवांच्या जगात ती सगळीकडे वापरात आली.

माझं म्हणणं या उलट पायरीपाशी आहे. ती कॉम्प्युटरवाल्या माणसाला एकट्याने ठरवता येतच नाही. कळमन्याच्या मंडीतून निघालेली संत्र्यांची पेटी दिल्लीला जाऊन परत आली, तर पुस्तकातल्या उदाहरणाप्रमाणे ‘साठ्यात एक मिळवा’ एवढंच करायचं का? ती पेटी आता विकण्याच्या लायकीची तरी आहे का, हे अडत्या सांगेल. मृग बहाराचं फळ किती दिवस टिकेल आणि आंबिया बहाराचं किती, हे काटोल-नरखेडचा बागायतदार सांगेल. गांधीबागेत साडीला एकदा फॉल-पिको झाला की ती परत घेऊन नवी म्हणून विकता येत नाही, म्हणजे ऑर्डर रद्द करायची मुदत फॉल-पिकोच्या आधी संपली पाहिजे. सावजी मसाला ऑर्डर आल्यावर दळून देत असतील, तर चक्की सुरू झाल्यानंतर परतीचा रस्ता वेगळा. हे सगळं करारात लिहिता येतं. पण ते माहीत असलेली माणसं इतवारीत, गांधीबागेत आणि कळमन्यात बसतात, आणि आमचे विद्यार्थी त्यांच्या दुकानावरून फक्त गाडीने जातात.

दुकानदारांना हा विचार परका आहे, असं कोणी समजू नये. माझे सासरे हुंडीचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या जुन्या लेखी चिठ्ठीचे, व्यवहार सांगायचे. हुंडी वाटेत हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत निघायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. तीनपैकी एक सकारली, म्हणजे तिचे पैसे दिले गेले, की बाकीच्या आपोआप रद्द, हे ज्याने पैसे द्यायचे त्या पेढीला पक्कं माहीत असायचं. दिरांच्या साइटला तेवढंच कळलं असतं, म्हणजे हा निरोप पहिल्याचीच पेठ आहे, तर पुण्याला दोन पार्सलं गेली नसती. तोच निरोप पुन्हा आला तरी काम एकदाच व्हावं, या गुणाला आमच्या शास्त्रात ‘आयडेम्पोटन्स’ म्हणतात आणि विद्यार्थी तो शब्द परीक्षेपुरता पाठ करतात. ‘जोखमी हुंडी’ माल सुखरूप पोचला तरच देय व्हायची. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती पडायचे.

बाजारातली पत हा मुद्दा या अभ्यासाला फार महागात पडला आहे. २००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी ‘यूडीडीआय’ नावाची जगभरातल्या सेवांची नोंदवही सुरू करायचं ठरवलं. यंत्राने त्या वहीत बघावं, हवी ती सेवा शोधावी आणि व्यवहार जुळवावा, असं ते स्वप्न होतं. २००६ च्या जानेवारीत ती सार्वजनिक नोंदवही बंद झाली. यादीत नाव आहे म्हणून अनोळखी माणसाशी धंदा करणारा व्यापारी मला तरी इतवारीत भेटलेला नाही, आणि ती वही का रुजली नाही याचं मोठं कारण मला त्यातच दिसतं. सेवेची विश्वासार्हता कशी मोजावी यावर त्यानंतर कितीतरी संशोधन झालं. त्यातलं आपल्या बाजारातल्या पत ठरवण्याच्या रीतींवर मी काहीच वाचलेलं नाही.

पैशांच्या बाजूने आपल्याकडे चांगलं काम झालं आहे, हे मान्य करायलाच हवं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे उलट पायरी, तिची मुदत आणि चुकल्याचा दंड, तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. पण त्या ५ दिवसांत दुकानाचा अडकलेला माल कोणी सोडवायचा? गेलेल्या दिवाळीचं काय? गिऱ्हाइकाला ग्राहक म्हणून दाद मागता येते, दुकानदार मात्र तीन कंपन्यांच्या मधे एकटा उभा असतो.

हे आता अधिकच निकडीचं झालं आहे. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ची, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्याची, रचनाच मुळी अशी आहे की गिऱ्हाइकाचं ॲप एकाचं, विक्रेत्याचं दुसऱ्याचं आणि पोचवणारा तिसरा असू शकतो. लहान दुकानदाराला एका मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागू नये, हा तिचा हेतू मला मनापासून पटतो. पण दुवे जितके जास्त, तितक्या तुटण्याच्या जागा जास्त. तिथे तक्रारीसाठी सामाईक रीत ठेवलेली आहे. ती आपल्या संत्र्याला, साडीला, मसाल्याला कितपत लागू पडते, हे नागपुरात बसूनच तपासता येईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी नागपूर आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी ई-कॉमर्सच्या प्रत्येक प्रोजेक्टला एक अट घालावी : निदान एका खऱ्या दुकानात पंधरा दिवस बसून, तिथे बिघडलेल्या ऑर्डरींची नोंद करून मगच काम सुरू करायचं. गिऱ्हाइकांची नावं-नंबर काढून त्या नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवाव्यात आणि दुकानदार ज्या शब्दांत सांगतो त्याच शब्दांत ठेवाव्यात. आयआयएम नागपूरच्या मंडळींनी त्या नुकसानीचा हिशेब मांडावा. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सने आपल्या सभासदांकडे शब्द टाकला तर मुलांना गल्ल्याशेजारी बसायला एक स्टूल नक्की मिळेल. पैसा फारसा लागत नाही. गुण देताना मात्र आम्हा परीक्षकांना बदलावं लागेल. देखण्या स्क्रीनला देतो त्यातले निम्मे गुण, मधेच वायर काढल्यावर व्यवहार सावरला की नाही, याला द्यावे लागतील. मी यंदापासून ते सुरू केलं आहे. दोन गट नाराज झाले आणि एका गटाने आठवड्याभरात आपलं काम दुरुस्त करून आणून दाखवलं.

दिरांनी दिवाळीतल्या त्या चार दिवसांची सगळी कागदपत्रं जपून ठेवली आहेत : ऑर्डरी, कुरिअरच्या पावत्या, तिन्ही कंपन्यांची ‘सक्सेस’ची उत्तरं. गिऱ्हाइकांची नावं खोडून ती फाइल मी नव्या सत्रात माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवणार आहे. नागपुरातल्या दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला ती हवी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. झेरॉक्स काढून मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक वाचक आणि शिक्षिका,
महाल, नागपूर