साड्या नकोत, रबरी बूट द्या

नागपूरकर बंधू-भगिनींनो,

पिवळ्या नदीकाठच्या आमच्या वस्तीतल्या गरोदर बायांसाठी आम्ही, वस्तीचं महिला मंडळ, मदत मागत आहोत. दरवर्षी साड्या येतात, त्याबद्दल आभार. यंदा गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी बूट हवे आहेत.

कारण अंकुशकृमी. उघड्यावरच्या विष्ठेतून या जंताच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. तिथून रक्तात, फुप्फुसात, घशात आणि शेवटी आतड्यात. तिथे चिकटून रक्त पितात. भाजीच्या वाफ्यात निंदणाला जाणारी बाई चप्पल बांधावरच काढते, कारण चिखलात ती रुतते. म्हणून बूट.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गंभीर. मुळात रक्त कमी, त्यात बाळाचा वाटा, वरून जंताचा. धाप लागते, बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तो झेपत नाही, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं होण्याचा धोका वाढतो. काहींना माती खायचे डोहाळे लागतात. सासूबाईंनो, हसू नका, दवाखान्यात सांगा. रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते, शिवाय मातीतून दुसऱ्या जंतांची अंडी पोटात जातात.

औषधासाठी पैसे नकोत. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत, नंतर डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. पण गोळी घेऊन पुन्हा अनवाणी वाफ्यात उतरलं, तर जंत परत येऊ शकतात.

बूट ४ ते ७ नंबरचे, वापरलेले चालतील, फाटके नकोत. संडासाला जाताना घालायला साध्या स्लिपरही द्या. डोहाळजेवणाला आहेर म्हणून दिले तरी चालेल. ओटीत बूट घालत नाहीत हे आम्हालाही कळतं, बाजूला ठेवू.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या सकाळी दोघी-तिघींना डागा किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत सोडून परत आणेल असा ऑटोवाला किंवा गाडीवाला हवा आहे. पेट्रोलचा खर्च मंडळ देईल.

सामान विहाराला लागून असलेल्या समाजभवनात संध्याकाळी सहानंतर आणून द्यावं. रोख रक्कम दिल्यास पावती मागून घ्या.