ती इतकी अरुंद का, ते सांगते

बाल्बोआ, पनामा
२२ फेब्रुवारी

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो बघून बाबांनी विचारलं, "एवढी बारीक बोट, आणि तीही एकाच इंजिनावर?" आणि मागून आईचा आवाज, "उलटली तर?" फोनवर दोन्हींची उत्तरं अर्धवट राहिली, म्हणून लिहायला बसले. बाबा, डेपोत तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडून बघितलेल्या माणसाला 'काळजी करू नका' एवढं पुरत नाही, हे मला कळतं. तेव्हा आकड्यांसकट सांगते. शेवटचा भाग मात्र दोघांसाठी आहे. तेवढ्याची दादाकडून प्रिंट काढून घ्या आणि फ्रिजवर लावा.

इथून प्रशांत महासागरातल्या मार्केसस बेटांपैकी नुकू हिवापर्यंत साधारण ३,८०० समुद्री मैल आहेत, म्हणजे सात हजार किलोमीटर. आम्ही ९ नॉट्सने, म्हणजे ताशी ९ समुद्री मैल जाणार. ४२२ तास, साडेसतरा दिवस. या वेगाला इंजिन तासाला २० लिटर डिझेल पितं, म्हणजे ८,४४० लिटर. टाक्यांत १२,००० मावतं. त्यातला पाचवा हिस्सा, २,४०० लिटर, नाहीच असं समजायचं. विषुववृत्त ओलांडल्यावर पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह अर्धा ते एक नॉट फुकट देतो, पण तो हिशेबात धरत नाही. मिळाला तर मिळाला.

लिटरला जेमतेम ८३० मीटर! तुमच्या एसटीच्या मानाने काहीच नाही. पण हे चाळीस टनांचं, स्वयंपाकघर-न्हाणीघरासकट घर आहे आणि खाली रस्ता नाही. तेवढ्याच वजनाच्या रुंद बोटीला याच वेगासाठी कितीतरी जास्त डिझेल लागेल. अरुंदपणाचं पहिलं कारण हेच.

पाण्यात चालणारी प्रत्येक होडी स्वतःची लाट उठवते, एक नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आणि तिच्या मागे दुसरी. वेग वाढला की या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. ते बोटीच्या लांबीएवढं झालं की बोट दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बसते, आणि त्यापुढे दिलेलं बहुतेक डिझेल स्वतःचीच लाट चढण्यात जातं. ही वेळ कधी येते याचं गणित सोपं आहे: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. आमची ६४ फूट, वर्गमूळ ८, म्हणजे १०.७ नॉट्स. लांब बोट घेतली की हा आकडा वर सरकतो, आणि बोट अरुंद असली की मुळात लाटच लहान उठते, चढ कमी लागतो. आमची पाण्यावरची लांबी साडेएकोणीस मीटर आणि रुंदी साडेचार. मालवणच्या जेटीवरच्या ट्रॉलरला मोठं पोट असतं, कारण त्याला बर्फ आणि मासळी वाहायची असते. त्याचं ते बरोबरच आहे. आम्हाला फक्त डिझेल आणि तीन माणसं न्यायचीत.

वेगाचा मोह मात्र महाग पडतो. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. ९ चे ८ नॉट्स केले तर तासाला २० ऐवजी १४ लिटर, आणि सगळा प्रवास ६,६५० लिटरमध्ये. दिवस फक्त सव्वादोन वाढतात. उलट ११ करायला गेलं तर घनाच्या हिशेबानेच ३६ लिटर होतात, आणि लाटेचा चढ धरला तर त्याहूनही जास्त. म्हणून कुठे काही बिघडलं, डिझेल कमी पडेलसं वाटलं, तर पहिला उपाय वेगाचा दांडा मागे ओढणे हाच असतो.

आता आईचा प्रश्न. आई, खोल समुद्रातली लाट किनाऱ्यावर फुटते तशी नसते. आठ सेकंदांनी येणारी व्यापारी वाऱ्याची लाट एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे शंभर मीटर लांब असते. तिच्यात आमच्यासारख्या पाच बोटी एकामागे एक उभ्या राहतील. तिचा वेग २४ नॉट्स, आमचा ९, म्हणजे ती मागून येते, बोट उचलते आणि खालून निघून जाते. त्रास होतो तो फुटणाऱ्या लाटेने आडवं पकडलं तर. त्यासाठी बोट अशी बांधली आहे की जड ते सगळं तळाशी: डिझेल दुहेरी तळात, इंजिन त्याच पातळीला, आणि वरचा भाग हलका, बुटका, ॲल्युमिनियमचा. काचा जाड, दारं पाणी न शिरणारी. १२० अंशांपलीकडे कलंडली तरी ती परत उभी राहायला बघते. रुंद बोट सुरुवातीला ताठ उभी असते खरी, पण तिची मर्यादा ओलांडली की ती उलटीच राहणं पसंत करते.

अरुंद बोट डुलते, हे मात्र खोटं नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना पाण्याखाली एकेक फिन आहे, माशाच्या परासारखं पातं. संवेदक झोका ओळखतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर फिन फिरवून उलटा जोर देतो. ते वाहत्या पाण्यावरच नीट काम करतं, बोट थांबली की नाही. हायड्रॉलिकची नळी फुटली तर फिन मधोमध आणून खिळ घालायची आणि लाट मागच्या कोपऱ्यावर येईल असा मार्ग थोडा वळवायचा. जेवण सांडेल, बोट सांडणार नाही.

डिझेल संपत जातं तसा तळाचा भारही कमी होतो, आणि अर्ध्या भरलेल्या टाकीत ते इकडून तिकडे हिंदकळून झोक्याला जोर देतं. म्हणून चारही टाक्यांतून थोडं थोडं काढायचं नाही. एक पूर्ण रिकामी करायची, मग दुसरी. डावी-उजवी वजनं सारखी राहतील असा क्रम लावून तो भिंतीवर चिकटवला आहे.

बाबा, आता तुमचा विषय. भर समुद्रात इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, डिझेलमधल्या घाणीमुळे. टाकीच्या तळाशी पाणी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात. काळपट, शेवाळासारखी बुळबुळीत साय येते. बंदरात ती तळाशी गप्प असते. समुद्र खवळला की ढवळली जाते आणि फिल्टर तुंबतो, म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच. म्हणून खरं काम भरतानाच. पहिलं, मधलं आणि शेवटचं डिझेल काचेच्या बरणीत काढून ठेवायचं, तळाशी पाणी बसतं का बघायचं. डिपस्टिकला पाण्याने रंग बदलणारी पेस्ट लावायची. संशय आला तर भरणं थांबवायचं, मग पंपवाला कितीही रागावो.

रोज सकाळी मोठ्या टाकीतून फिल्टरमधून ४८० लिटर डिझेल वरच्या छोट्या टाकीत चढवतात. इंजिन त्या टाकीवरच चालतं. ती इंजिनाच्या वर आहे, आणि याचं कारण तुम्हाला मी सांगायला नको: जॉइंट सैल झाला तर डिझेल ठिबकतं, दिसतं, आवळता येतं. टाकी खाली असती तर त्याच जॉइंटमधून हवा ओढली गेली असती, आणि मग बसा एअर काढत. शिवाय रोज ४८० च लागतात का, हे काचेच्या नळीवर दिसतं. कागदावर दोन रेघा काढतो, उरलेले मैल आणि उरलेलं डिझेल. दुसरी रेघ पहिलीच्या खाली झुकू लागली की वेग कमी.

इंजिनाआधी फिल्टरची जोडी आहे, मधे फिरवायचा दांडा. फिल्टर किती तुंबलाय हे दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई शून्याजवळ असते, ती चार-पाच इंचांकडे (पाऱ्याच्या) सरकली की चालू इंजिनावरच दुसऱ्यावर जायचं आणि पहिला बदलायचा. झाकण लावण्याआधी वाटी स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरायची. ही पायरी चुकवली की हवा धरते. बरोबर २४ फिल्टर घेतलेत. ६ पुरतील असं वाटतं, पण एका वाईट टाकीत सहा फिल्टर दिवसात जाऊ शकतात.

एकच इंजिन का, तर दोन इंजिनं एकाच टाकीतलं घाणेरडं डिझेल पिऊन एकदमच बंद पडतात. एक असलं की बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) मधोमध, सुकाणूच्या पुढे आणि तळाच्या कण्याच्या (कीलच्या) आडोशाला राहतो. तरंगत्या लाकडाने किंवा सोडून दिलेल्या जाळ्याने तो सहसा अडकत नाही. शाफ्टवर दोर कापणारी सुरीही आहे. तरीही अडकलाच तर इंजिन बंद, किल्ली बुडी मारणाऱ्याच्या खिशात, आणि समुद्र शांत व्हायची वाट. त्याशिवाय ४० अश्वशक्तीचं वेगळं छोटं इंजिन आहे. त्याचा शाफ्ट वेगळा, टाकी वेगळी. ते जेमतेम ५ नॉट्स देतं, पण पोहोचवतं. आठवड्यातून एकदा ते अर्धा तास चालवायचं, नाहीतर गरजेच्या दिवशी बॅटरी उतरलेली सापडते.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, ही दुसरी दुखरी जागा. पाती तुटली तर नवा बसवून काम संपत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा शोधून मोजायचा, कारण तो पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तापमान पुन्हा चढतं. दर २५० तासांनी ऑइल बदलायचं, म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध इंजिन पाऊण तास बंद करून. सगळीकडे शांत पाणी असेल तर काम सोपं. शिडाच्या बोटी वारा पडला की रडतात, आम्हाला तोच दिवस चांगला.

या प्रकारच्या प्रवासात नवं काहीच नाही. १९०२ मध्ये ३८ फुटी केरोसीनच्या इंजिनावर चालणारी 'एबिएल ॲबट लो' न्यूयॉर्कहून निघून ३६ दिवसांत इंग्लंडच्या फालमथला पोहोचली, बापलेक दोघंच होते. वाटेत केरोसीनच्या टाक्या गळायला लागल्या. १९६३ मध्ये रॉबर्ट बीबीने सिंगापूरला बांधून घेतलेल्या ५० फुटी 'पॅसेजमेकर'ने समुद्र ओलांडायच्या छोट्या मोटरबोटींचा हिशेब मांडून दिला. लांब, निमुळती, ॲल्युमिनियमची ही तऱ्हा पुढे शिडाच्या बोटी आखणाऱ्या स्टीव्ह डॅशू यांनी न्यूझीलंडमध्ये बांधून घेतली. आमची त्याच घराण्यातली म्हणा.

आई, तू दिलेला तांब्याचा तांब्या स्वयंपाकघरातच राहणार, खाली कधीच नेणार नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीत तळाच्या खाऱ्या पाण्यात तांबं पडलं तर ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, भोक पडेपर्यंत. साधं तांब्याचं नाणंसुद्धा चालत नाही. वायरचे कापलेले तुकडे आम्ही मोजून कचऱ्यात टाकतो. कुकर एक तृतीयांशच भरायचा आणि पट्ट्याने बांधायचा. लोणच्याची बरणी मोज्यात घालून ठेवली आहे. खारं पाणी गोडं करायचं यंत्र आहे, फक्त बंदरात चालवायचं नाही, तेलाच्या तवंगाने त्याचा पडदा कायमचा जातो.

रात्रीचं सांगते. आम्ही तिघं, तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. २० नॉट्सचं मालवाहू जहाज समोरून आलं तर दोघांचा मिळून वेग २९. दहा मैलांवर दिसलेलं वीस मिनिटांत अंगावर. म्हणून दर दहा मिनिटांनी घंटा वाजते आणि उठून चारही दिशा डोळ्यांनी बघायच्या, रडार चालू असलं तरी. घंटा बंद केली नाही तर ती मोठ्याने वाजून सगळ्यांना उठवते.

आता फ्रिजवर लावायचं ते.

दादाच्या फोनवर नकाशात ठिपका दिसेल, दर चार तासांनी पुढे सरकेल. ठिपका थांबला म्हणजे बोट थांबली असं नाही, बहुतेक वेळा ते यंत्रच थांबलेलं असतं. मी रोज एक ओळ पाठवीन. तिकडे गेल्यावर तुमचं घड्याळ आमच्या पंधरा तास पुढे असेल. माझ्या दुपारी बाराला तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे तीन. ओळ सकाळी उठून बघा, रात्री जागू नका. एक दिवस आली नाही तर काही करायचं नाही. दोन दिवस नाही आली तर दादा बोटीच्या मालकाच्या ऑफिसला फोन करेल, नंबर त्याच्याकडे आहे.

बोटीवर संकटाचा बीकन आहे, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र. त्याच्या नोंदणीच्या अर्जात बाबांचा मोबाइल लिहिला आहे. बीकन चालू झाला तर न्यूझीलंडहून (+६४) किंवा ताहितीहून (+६८९) बचाव केंद्राचा फोन येईल. बाबा, अनोळखी नंबर म्हणून कापू नका. हे बीकन चुकूनही वाजतात, म्हणून ते आधी घरी विचारतात. त्यांना इंग्रजीत एवढंच सांगायचं: बोटीवर तीन माणसं, बोट रंग न दिलेली, राखाडी, आणि माझी शेवटची ओळ कधी आली ती वेळ. ती वेळ रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चार मार्चला निघतोय. त्याआधी एकदा फोन करते, बीकनचा नंबर वाचून दाखवीन, तो कागदावर उतरवून घ्या.

तुमची,
सुमा