मैदानातला आवाज : कोचीच्या दोस्ताला पत्र

ता. वणी, जि. यवतमाळ
7 डिसेंबर

प्रिय दोस्ता,

कोचीहून तू पाठवलेली ती रेकॉर्डिंग मी वावरात कापूस वेचणाऱ्या बायांनाही ऐकवली. कलूरच्या स्टेडियमची ईस्ट गॅलरी, केरला ब्लास्टर्सच्या चाहत्यांची फौज, म्हणजे मंजप्पडाची हजारो पोरं एका सुरात, आणि मधूनच तुझा चिरका आवाज, "अबे ऐक, ऐक!" एक आजी म्हणाली, "कोनाची यात्रा हाये बाप्पा?" फुटबॉल हाये म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. तिनं फुटबॉल पाहिला तो आपल्या झेडपीच्या शाळेच्या मैदानावर, आणि तिथं तर माणूस गोल झाल्यावरही तंबाखू मळत उभा असतो.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलो की तू आधी थट्टा करतोस आणि मग तुझी बस येते. या वर्षीच्या सामन्यांची कमिटी लवकरच बसणार आहे आणि मला तिथं एकच मुद्दा मांडायचा आहे. मैदानावरचा आवाज आज डीजेवाल्याच्या आणि माइकवाल्याच्या ताब्यात आहे, तो लोकांना परत द्यायचा. कसा, ते मी बरंच ठरवलं आहे. उरलेलं तू भर.

मागची फायनल तू चुकवलीस. गर्दी म्हणशील तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आली होती. कंपाउंडवर पोट्टे, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर पोट्टे, गोलमागे सोडलेल्या बंडीवर पोट्टे. मधल्या रेषेवर, जिथून मॅच सगळ्यात चांगली दिसते तिथं, पेंडॉल. पेंडॉलमध्ये सोफे, सोफ्यांवर पाहुणे, त्यातले निम्मे मोबाईलमध्ये. आपल्या नऊ नंबरानं लांबून असा गोल हाणला की काय सांगू. जाळी फाटकी, बॉल सरळ पलीकडच्या तुरीत. लोकांनी तोंड उघडलं, "ओ…" एवढंच निघालं आणि माइक सुरू झाला: "गोल मारणाऱ्या खेळाडूस गावचे प्रतिष्ठित नागरिक यांच्या वतीने 101 रुपये, तसेच किराणा दुकानाकडून 51 रुपये, तसेच…" यादी संपेपर्यंत तिकडच्या टीमनं किक मारून कॉर्नरसुद्धा मिळवला होता. मग डीजेवाल्याला जाग आली. त्यानं बास सोडला, दोन काका नाचले. गाणं थांबलं तसं मैदान पुन्हा चूप.

आता गंमत बघ. लिव्हरपूल क्लबच्या ज्या गाण्यावर तू जीव टाकतोस, तेही स्पीकरवरूनच लोकांपर्यंत आलं. 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' हे 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं गाणं. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडनं ते गायलं आणि ते पहिल्या नंबरावर गेलं. क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर मॅचच्या आधी गाजणारी गाणी लावत, त्यात हे लागलं आणि कॉप स्टँडमधल्या माणसांनी उचललं ते कायमचं. पण स्पीकरचं काम शिट्टी व्हायच्या आधी संपायचं. पुढची नव्वद मिनिटं लोकांची. आपल्याकडे माइकवाला चहा प्यायला जाईल तेव्हाच लोकांची पाळी.

दुसरं, लोक उभे कुठं राहतात. जर्मनीत डॉर्टमुंडला दक्षिणेकडच्या एकाच गोलमागे सुमारे 25,000 माणसं उभी असतात, खांद्याला खांदा लावून. त्यांच्यापुढे मैदानाकडे पाठ करून, गाणी सांगणारा एक भोंगेवाला. त्या बिचाऱ्याला मॅच दिसतच नाही. (असा माणूस आपल्याला सापडला आहे, थांब.) इंग्लंडमध्ये उलटं झालं. 1989 साली हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत माणसं मेली, त्यांचा आकडा शेवटी 97 वर गेला. पुढे चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि वरच्या दोन डिव्हिजनच्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या बसल्या. मुख्य दोष पोलिसांच्या बंदोबस्ताचा, हे टेलर यांनीच सांगितलं होतं, तरी उभं राहणं बदनाम झालं. खुर्चीला नंबर आला, तिकीट महागलं, आणि एका कोपऱ्यात जमून गाणारी टोळी मैदानभर विखुरली. 2022 पासून तिथं कठडे लावून पुन्हा उभं राहू देऊन राहिले आहेत. हे सगळं मी कमिटीसाठी पाठ केलं आहे, कारण कोणी ना कोणी नक्की म्हणणार, "खुर्च्या वाढवा, पब्लिक वाढते." खुर्च्या वाढवल्या की पब्लिक बसते, बस. आता तू म्हणशील, भजनी मंडळ बसूनच गातं. बरोबर, पण ते गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकांची तोंडं पाहत बसतं.

पांगलेली माणसं एका तालात का गाऊ शकत नाहीत, ते मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मैदान शंभर मीटर लांब धर. या गोलमागच्या टाळीला त्या गोलमागे पोचायला सुमारे 0.3 सेकंद लागतात. अर्ध्या अर्ध्या सेकंदाला टाळी पडत असेल, तर तिकडचे अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त मागे. ते त्यांच्या परीनं बरोबरच वाजवतात, इकडच्यांना वाटतं बेताल आहेत, आणि थोड्या वेळानं दोघंही कंटाळतात. म्हणजे ढोल एकच पाहिजे, तो गाणाऱ्यांच्या मधोमध, आणि गाणारे सगळे त्याच्या भोवती.

जागा तयारच आहे. खिचडी शिजते ते टिनाचं शेड, विहिरीकडच्या गोलच्या मागचं. टिनाखाली पंधरा जण ओरडले तरी पन्नास वाटतात. मधल्या सुट्टीत बाई आपल्याला तिथं उभं राहू देत नसत ते काय उगाच?

आता गायचं काय. पोट्ट्यांचं म्हणणं, हिंदी पिक्चरची गाणी घेऊ. दोन ओळींच्या पुढे कोणालाच येत नाहीत. तुझ्या कोचीची गाणी उचलण्यात अर्थ नाही, ती त्यांना शोभतात. मी अडकलोच होतो, तेवढ्यात पोळा आला. तोरणाखाली बैल उभे, मठाट्या सजवलेल्या, आणि एका म्हाताऱ्यानं झडती सोडली. पहिल्या दोन ओळी त्याच्या एकट्याच्या, कोणाची तरी टर उडवणाऱ्या. त्याचा शेवटचा शब्द पडतो न पडतो तोच इकडून तिकडे सगळी रांग: "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!" माइक नाही, सराव नाही, कागद नाही. अख्ख्या गावानं लक्षात ठेवायची ओळ एकच, बाकी सगळं सांगणाऱ्याच्या डोक्यात. डॉर्टमुंडचा तो भोंगेवाला वेगळं काय करतो सांग!

फक्त महादेवाची ओळ मैदानावर न्यायची नाही, हे माझं पक्कं मत आहे. ती पोळ्याची, पोळ्यालाच शोभते. शिवाय आपला गोली मशिदीच्या गल्लीतला, त्याचे अब्बा प्रत्येक मॅचला येतात. त्यांनाही शेडखाली उभं राहून मोकळ्या गळ्यानं ओरडता आलं पाहिजे. म्हणून साचा झडतीचा घेतला आणि उत्तर ठेवलं, "हाण रे हाण!"

दिवाळीनंतर एका रविवारी कोळसा खाणीच्या कॉलनीतली टीम मैत्रीचा सामना खेळायला आली, तेव्हा करून पाहिलं. सांगणारा कोण, तर मार्केट यार्डात सोयाबीनची हर्रास बोलतो तो आपला वर्गमित्र. दिवसभर ओरडायची सवय, गळा बसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही. मैदानाकडे पाठ करून आनंदानं उभा राहिला. पहिली झडती त्यानंच जुळवली:

पऱ्हाटीले बोंड, बोंडात सरकी,
त्याहीच्या गोलीले आली गिरकी!

पहिल्यांदा "हाण रे हाण" म्हणणारे सहासात जण, तेही एकमेकांकडे पाहून, तोंडावर हात धरून. दुसऱ्यांदा ढोलवाल्यानं शेवटच्या शब्दावर एक थाप दिली, आणि बावा, फरक तिथंच पडला. थाप म्हणजे इशारा, आता तुमची पाळी. मग शेडच काय, कंपाउंडवरचे पोट्टेही उतरून आले. तिकडचा गोली गोल-किक मारायला धावला आणि नेमकी गिरकीची ओळ आली. त्याला हसू आवरेना, बॉल गेला थ्रोला. त्यांचे लोक गप्प बसणारे थोडेच. कॉलनीत बिहारचे, बंगालचे, आंध्रचे सगळेच. त्यांनी समोरून हिंदीत जोड मारली, आमच्या गोलीच्या ढेरीवर. आमची पुढची झडती तिला उत्तर म्हणून आली. खरा रंग तेव्हा भरला. त्यामुळे कमिटीला माझी एक मागणी अशीही आहे की बाहेरगावच्या टीमच्या लोकांना समोरच्या गोलमागे नीट जागा, सावली आणि पाण्याचा ड्रम द्या. त्यांना कोपऱ्यात ढकललं तर आपण कोणाशी बोलायचं?

मग आपल्यावर दोन गोल चढले आणि शेड एकदम थंड. हर्रासवाल्यानं दोन झडत्या सोडल्या, उत्तर आलं नाही. हरताना टर उडवायला तोंड उघडत नाही, साहजिक आहे. पण तुझी ब्लास्टर्स 2014, 2016 आणि 2022 अशा तीन फायनल हरली, तरी ईस्ट गॅलरी भरतेच ना? मला तिथलंच गणित कळत नाही. माझ्या मते हरतानाचं गाणं वेगळं पाहिजे, त्यात डोकं चालवायला लागू नये. 2016 च्या युरो कपात आइसलँडवाल्यांची ती टाळी आठव. दोन्ही हात वर, एक टाळी, एक हुंकार, मग मोठी जागा सोडलेली, आणि हळूहळू लय वाढत जाते. आपल्या जिल्ह्याच्या पावपटही वस्ती नाही त्या देशाची, आणि इंग्लंडला 2-1 नं घरी धाडलं. तशी सावकाश टाळी ढोलावर बसवून पाहायची आहे.

शिव्यांचं मात्र आधीच ठरवायला लागेल. 2018 मध्ये अंधेरीला भारताच्या चायनीज तैपेईविरुद्धच्या मॅचला जेमतेम अडीच हजार लोक आले, तेव्हा कॅप्टन सुनील छेत्रीनं हात जोडले होते, शिव्या द्या पण मैदानात या. पुढची केनियाविरुद्धची मॅच हाउसफुल्ल झाली. पण त्यानं आपल्या गावच्या शिव्या ऐकलेल्या नाहीत. झडतीत टर असतेच, आणि टर घसरली की आईवर जाते, जातीवर जाते, मग बल्ल्या उपटल्या जातात. नियम सोपा ठेवला आहे: खेळावर बोला, पोटावर बोला, केसांवर बोला, आई-बहीण आणि जात बंद. जो घसरेल त्याच्या वेळी ढोल वाजणार नाही. थाप नाही तर उत्तर नाही, तो एकटाच तोंडघशी पडतो. त्या रविवारी एकावर ही पाळी आली, नाव सांगत नाही, तुला कळेलच.

आणि बाया. मॅच पाहतात, पण घरांच्या गच्चीवरून. भुलाबाईची ती एवढी मोठमोठी गाणी ज्यांना तोंडपाठ, त्यांचा आवाज मैदानाबाहेर, आणि आम्ही दोन ओळींसाठी डोकं खाजवून राहिलो. माझ्या बहिणीला म्हटलं, शेडखाली ये. ती म्हणाली, "आधी तंबाखू थुंकनारे हटव." आता शेडची उजवी बाजू फक्त बायांची, असं लिहून देणार आहे. येतील की नाही, पाहू.

कमिटीत खरी लढाई डीजेची होणार. भाडं कोणाच्या मेहुण्याला जातं ते तुला ठाऊक आहे. म्हणून बंद करा असं मी म्हणणारच नाही. मॅचच्या आधी लावा, हाफटाइमला लावा, बक्षीस वाटताना लावा, खेळ चालू असताना मात्र बटणाला हात नको. बक्षिसांची यादीही हाफटाइमला, सगळी, सावकाश, नावानिशी. देणाऱ्यालाही तेच बरं, आज त्याचं 101 रुपयांचं नाव कोणी ऐकतं का? सोफ्यांना मी हात लावत नाही. एका वर्षात किती भांडणं घ्यायची!

तुझ्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. मंजप्पडाच्या पोरांना विचार, टीम मागे पडली की गाणं कोण सुरू करतं आणि कुठलं. ठरलेलं असतं की उत्स्फूर्त, हे नीट खोदून विचार, "जोश असतो" असलं उत्तर आणू नको. आणि झडत्या लिहून पाठव. सातवीत तू हेडसरांवर केलेली अजून लोक म्हणतात. हर्रासवाल्याकडे चारच आहेत आणि त्यातली एक मी करवून घेतलेली, तीही लंगडी:

तुरीच्या शेंगेत भरले दाणे,
आमच्या अकरा नंबरानं पाडले उताणे!

दुसरी ओळ लांब झाली आहे, ढोलात बसत नाही. दुरुस्त कर.

फायनल 26 जानेवारीला ठेवायचं चाललं आहे. रजा टाक आणि तिकीट आत्ताच काढ. बल्लारशाला उतर, मी मोटारसायकल घेऊन येतो.

तुझाच,
राइट बॅक

ता. क. आई म्हणते, केळ्याचे वेफर्स खोबरेल तेलातलेच आण, मागच्या वेळचे नाही.