गळती शोधण्याआधी नळाची लांबी मोजा

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात कोल्हापूरच्या पेठेतल्या पाण्याच्या नळाच्या गळतीची बातमी पहिल्या पानावर घेतलीत, त्याबद्दल आभार. पण ‘गळतीचे यंत्र फेल’ हा मथळा वाचून संताप झाला. तीन खड्डे काढले, तिसऱ्यात गळती सापडली, एवढे छापून तुम्ही थांबलात. पहिले दोन का चुकले, हे कुणीच विचारले नाही.

गळती शोधणाऱ्या या यंत्राचे दोन सेन्सर दोन व्हॉल्व्हना लावतात. फुटलेल्या जागेचा आवाज नळातून दोन्हीकडे धावतो आणि जवळच्या सेन्सरला आधी पोहोचतो. यंत्र मोजते ते एवढेच, की दुसरीकडे तो किती उशिरा पोहोचला. बाकीचे आकडे माणूस भरतो. समजा व्हॉल्व्ह एकमेकांपासून १०० मीटरवर आहेत आणि फरक ०.०२ सेकंदाचा आहे. नळ बिडाचा असेल तर आवाज सेकंदाला साधारण १२५० मीटर जातो, म्हणजे २५ मीटरचा फरक. शंभरातून २५ वजा करून निम्मे करा, गळती जवळच्या व्हॉल्व्हपासून ३७.५ मीटरवर. आता तोच नळ पीव्हीसीचा म्हणून भरला आणि वेग ४५० धरला, तर उत्तर येते ४५.५ मीटर. आठ मीटर चुकले! आपल्या पेठांत आठ मीटर म्हणजे दुसऱ्याच घराचा उंबरा. लांबी १०० ऐवजी ११० भरली तरी खड्डा पाच मीटर सरकतो. लांबीतल्या चुकीची निम्मी चूक थेट खड्ड्यात उतरते.

म्हणून लांबी नकाशावरून घ्यायची नसते. चाक फिरवून, नळ जिथे वळतो तिथे वळून मोजायची असते. वेगही पुस्तकातला नको. दोन्ही सेन्सरच्या बाहेर, त्याच नळावरची एखादी तोटी उघडा. तो आवाज पहिल्या सेन्सरवरून दुसऱ्याकडे जायला ०.०८ सेकंद लागले आणि अंतर १०० मीटर असेल, तर वेग १२५०. पाच मिनिटांचे काम आहे. जुन्या बिडाच्या नळात दुरुस्तीच्या वेळी पीव्हीसीचा तुकडा बसवलेला असतो, त्याची नोंद नसेल तर हिशेब पुन्हा बिघडतो. आणि हे सगळे पाणी सुटलेले असताना करायचे, म्हणजे घराघरांतल्या तोट्या आणि थेट नळाला लावलेल्या मोटारी गळतीपेक्षा मोठ्याने बोलत असतात. त्या गल्लीला रात्री अर्धा तास जादा पाणी द्यावे, तोट्या बंद ठेवायला सांगावे आणि मग ऐकावे. पहार मारण्याआधी ठरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटरवर बारीक भोके पाडून सळईने ऐकावे. एवढे केले असते तर रस्ता एकदाच उकरला असता.

बातमीतल्या गळतीच्या टक्केवारीबद्दलही तक्रार आहे. सोडलेल्या पाण्यातून बिल झालेले पाणी वजा केले की जे उरते, ती सगळी गळती नव्हे. बंद पडलेले मीटर, सार्वजनिक नळ, चोरून घेतलेली कनेक्शने त्यातच येतात. खरी गळती पाहायची तर टाकीची आवक बंद करा, नळ भरलेले ठेवा, घरच्या तोट्या बंद करा आणि टाकीची पातळी बघत बसा. १५ मीटर व्यासाच्या टाकीत तासाभरात पाणी १० सेंटिमीटर उतरले, तर सुमारे १७,७०० लिटर जमिनीत गेले. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्या व्हॉल्व्हनंतर उतार थांबेल, त्याच्या पुढे गळती. अट एकच, व्हॉल्व्ह पूर्ण बसला पाहिजे. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी सोडतो आणि सगळी चाचणी वाया जाते.

पाच मिलिमीटरचे भोक २० मीटर दाबाला, म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या दाबाला, तासाला सुमारे ८४० लिटर पाणी सोडते. पाणी वाया जाते हे एक वेळ सोसता येईल. पण पाळी संपली की तोच नळ रिकामा होऊन बाजूच्या गटाराचे पाणी त्याच भोकातून आत ओढतो. दूषित पाण्याने काविळीची साथ कशी पसरते, हे २०१२ साली इचलकरंजीने भोगले आहे.

त्याच पानावर खाली ‘तांत्रिक बिघाडामुळे आज पाणी नाही’ अशी दोन ओळींची चौकट होती. कोणता बिघाड? कोणता फिडर, म्हणजे पंपांना वीज देणारी वाहिनी, बंद पडला? त्यावर कोणते पंप आहेत आणि टाक्यांत किती तासांचे पाणी उरले आहे? पाणी आणि वीज यांचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत राहिले की ही उत्तरे कुणाजवळच नसतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहर पुरात असूनही टँकरमागे धावले. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला पोहोचले, पण धरणाजवळच्या त्या पंपांनाही वीज लागतेच.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. त्याच फुटांत प्रत्येक उपसा केंद्राच्या विजेच्या पॅनेलची आणि ट्रान्सफॉर्मरची उंची लिहा. शेजारी त्याचा फिडर, तो कोणत्या उपकेंद्रातून येतो, पर्यायी फिडर आहे का, आणि तिथवर जाणारा रस्ता किती फुटांना बंद होतो. हा तक्ता एका कागदावर मावतो. तो झाला की एपानेट या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीत शहराचे नळ, टाक्या, पंप भरून एकेक पंप बंद करून पाहता येतो: कोणती टाकी कितव्या तासाला रिकामी होईल, कोणत्या चढावरच्या वस्तीचे पाणी आधी तुटेल. मात्र २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी आणि दाबानुसार मागणीचा पर्याय निवडावा, नाहीतर दाब शून्याखाली गेला तरी संगणक प्रत्येक घराला पूर्ण पाणी मिळाल्याचे दाखवतो. आणि तिथेही नळाची लांबी, व्यास, वय खरे हवे.

पुढच्या खड्ड्याची बातमी येईल तेव्हा आपल्या बातमीदाराने एवढे विचारावे: दोन व्हॉल्व्हमधले अंतर कशाने मोजले, आणि नळ बिडाचा की पीव्हीसीचा हे कुणी सांगितले?

आपला,
पाणीपुरवठ्याच्या कामातला एक वाचक, कोल्हापूर