व्हरांड्यातल्या मावशींना

तीर्थस्वरूप मावशींस,
सा. नमस्कार वि. वि.

तुमचे पूर्ण नाव मी कधी विचारले नाही आणि फोन नंबर घ्यायचा राहून गेला, म्हणून हे पत्र असे सर्वांसमोर लिहीत आहे. तुम्ही जालना जिल्ह्यातल्या, धाकट्या भावाला शेक (रेडिएशन) देण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेऊन आला होतात. मी परभणी जिल्ह्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक, आईला घेऊन आलो होतो. तुमची मुलगी नर्सिंग शिकते असे तुम्ही सांगितले होते. हे पत्र तिच्या वाचनात आले, तर तिने ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे.

आईला मिसरीची सवय माहेरपासूनची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची, हे आमच्या घरातच काय, गल्लीतल्या प्रत्येक घरात चालत असे आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नसे. खालच्या हिरडीजवळची जखम भरेना, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा आम्ही तपासणीला गेलो. शस्त्रक्रियेनंतर तेहतीस शेक सांगितले गेले. आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सहा आठवड्यांहून जास्त मुक्काम. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च झाला. मात्र जाण्या-येण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च आमचा आम्हालाच सोसावा लागला. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो, हेही मला पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळले. हे रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. त्याआधी आपल्याकडच्या कितीतरी माणसांना मुंबई गाठावी लागत असे, हे तुम्ही मला कृतज्ञतेने सांगितले होते, कारण तुमच्या यजमानांच्या वेळी तुम्ही ती वाट चालला होतात.

पहिले आठ दिवस मी व्हरांड्यात कोणाशीही बोललो नाही. आईच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून तिला मशीनखाली एकटीला झोपवत, दार बंद होई, आणि मी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे. तुम्ही एक दिवस शेजारी बसलात आणि कसलीही चौकशी न करता थेट तुमच्या यजमानांविषयी बोलू लागलात. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि चौदा महिने तुम्ही त्यांचे सगळे केले. आजारपणाच्या गोष्टी मी पूर्वीही ऐकल्या होत्या. त्यांत सेवा करणारे माणूस नेहमी शांत, सोशिक आणि हसतमुख असे. तुमच्या सांगण्यात तसे नव्हते. एका रात्री चौथ्यांदा उलटी झाली तेव्हा तुम्ही त्यांच्यावर ओरडलात, त्यांनी तोंड फिरवून घेतले आणि सकाळपर्यंत पाणी मागितले नाही, हे तुम्ही सांगितलेत. पुढे म्हणालात, “मनात आलं, आता सुटू दे. कोणाला सुटू दे, ते माझं मलाच कळंना.”

मावशी, त्याच आठवड्यात हेच वाक्य माझ्याही मनात येऊन गेले होते आणि मी स्वतःला आईचा अपराधी समजत होतो. असे दुसऱ्या कोणाला वाटू शकते, वाटूनही ते माणूस पुन्हा उठून चादर बदलू शकते, हे मला ठाऊक नव्हते. तुम्ही माझी समजूत घातली नाही. तुम्ही फक्त तुमचे घडलेले सांगितले. त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा आईचे तोंड मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने स्वतःच्या हाताने धुतले. तोपर्यंत ते काम मी बहिणीकडे ढकलत आलो होतो, कारण मुलाने आईचे असे करायचे नसते अशी मी माझी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

शेक संपल्यावर सहा महिने बरे गेले. नंतर आजार पुन्हा उलटला, गालातून बाहेर जखम आली आणि नाकातून नळी घालावी लागली. तेव्हा तुम्ही व्हरांड्यात सांगितलेली एकेक गोष्ट आठवत गेली. ज्वारीची पेज फडक्यातून दोनदा गाळल्याशिवाय नळीत घालायची नाही, घालण्याआधी आणि नंतर साधे पाणी सोडायचे, घालताना व पुढे अर्धा तास डोके उंच ठेवायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि माकडहाड व टाचा रोज उजेडात पाहायच्या, कारण पाठीला जखम होते ती आधी नुसत्या लालीच्या रूपात दिसते. जखमेच्या वासामुळे माणसे दाराशीच थांबू लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या गोळीची भुकटी जखमेवर टाकायला सुरुवात केली आणि चार दिवसांत वास इतका कमी झाला की आईची मैत्रीण पुन्हा तिच्या उशाशी येऊन बसू लागली. हा उपायही पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला होता.

या सर्वांहून मोठे ऋण एका गोष्टीचे आहे, आणि तीच सांगताना तुमचा आवाज बदलला होता. यजमानांना शेवटी दुखणे थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. भाऊबंद म्हणाले, ही अफूची गोळी आहे, सवय लागेल, माणूस झोपेतच जाईल. तुम्ही त्यांचे ऐकून गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. “आठ दिवस ते कण्हत होते आणि गोळ्या फडताळात होत्या,” एवढे बोलून तुम्ही बराच वेळ गप्प बसलात.

माझ्या आईच्या वेळी नेमके हेच सारे माझ्या घरात घडले. गोळी अफूपासूनच बनते, हे नातेवाइकांचे म्हणणे खरे होते. जवळच्या एका दवाखान्यात तर ‘हे औषध आम्ही ठेवत नाही, भानगडी असतात’ एवढेच उत्तर मिळाले. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातील कडक अटींमुळे कित्येक वर्षे हे औषध दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी भीती अजून गेलेली नाही. तुमचे ते आठ दिवस मला ठाऊक नसते तर मीही गोळ्या फडताळात ठेवल्या असत्या. त्याऐवजी मी पुन्हा शहरात जाऊन पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणे आणि त्रास कमी करण्याचे उपचार करणाऱ्या, डॉक्टरांना भेटलो. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, दुखू लागण्याची वाट न पाहता दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे औषध द्यायचे, ते मनाने वाढवायचे किंवा एकदम थांबवायचे नाही, आणि त्याने शौचाला घट्ट होते म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचे, असे त्यांनी मला कागदावर लिहून दिले. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना मी तो कागद दाखवला आणि तुमची गोष्टही सांगितली, तुमचे गाव न सांगता. मला प्रामाणिकपणे वाटते की कागदापेक्षा गोष्टीनेच ते गप्प झाले.

तिसऱ्या दिवशी आई सलग पाच तास झोपली. उठल्यावर तिने खुणेने पाटी मागितली आणि शेतातल्या आखाड्यावरच्या गाईचे दूध कोण काढते असे लिहून विचारले. दोन महिन्यांत तिने दुखण्याखेरीज दुसरे काही विचारले नव्हते. त्यानंतरचे सात आठवडे तिने पाटीवर पुष्कळ लिहिले: सुनेला, नातवंडांना, माझ्या बहिणीला, आणि एकदा मला, ‘तू दमलास, जा झोप.’ पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ती गेली. चेहऱ्यावर ताण नव्हता. हे सात आठवडे आम्हाला मिळाले ते तुम्ही आपली चूक एका अनोळखी माणसासमोर उघडी केली म्हणून, आणि ती उघडी करताना तुम्हाला किती जड गेले असेल याची जाणीव मला आता, आई गेल्यावर, पुरती झाली आहे.

तुमच्या मनात ते आठ दिवस अजून सलत असतील. त्यांचे काय करावे हे मी सांगू शकत नाही. माझ्या आईला मात्र तसे आठ दिवस काढावे लागले नाहीत, हे तुम्हाला कळायला हवे होते.

एक गोष्ट राहिली. पेज गाळायला म्हणून तुम्ही जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा फाडून दिला होतात. आमच्या शेवटच्या शेकाच्या दिवशी तो परत द्यावा म्हणून मी धुऊन, वाळवून घडी करून आणला होता, परंतु तुम्ही भावासोबत आत होतात आणि आमची गाडीची वेळ झाली होती. पुढे घरी तो रोज वापरात आला. आता तो आईच्या पेटीत आहे. पत्ता कळवलात तर मी स्वतः येऊन तुमच्या हातात देईन, आणि त्या दिवशी न करता आलेला नमस्कारही करीन.

आपला,
आईसोबत आलेला परभणीकडचा मास्तर